सगळं आहे, फक्त सुरू होत नाही

३१ मार्च हा जागतिक बॅकअप दिन आहे. २०११ साली तो सुरू झाला, आणि एप्रिल फूलच्या आदल्या दिवशी तो ठेवण्यात सरळसरळ चिमटा आहे: उद्या मूर्ख ठरायचं नसेल तर आज बॅकअप घ्या. आपल्याकडे त्याच दिवशी आर्थिक वर्ष संपत असल्यामुळे हा सण निमंत्रणाशिवायच साजरा होतो. गावोगावच्या हिशेबनिसांच्या टेबलांवर टॅलीचा डेटा पेन ड्राइव्हवर चढतो, पेन ड्राइव्ह पाकिटात जातो, पाकिटावर निळ्या शाईने वर्ष लिहिलं जातं, पाकीट कपाटात आणि कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशात. जागतिक रिस्टोअर दिन मात्र कोणत्याच कॅलेंडरात सापडत नाही, आणि ते साहजिक आहे. बॅकअप घेणारा माणूस चारचौघांत जबाबदार दिसतो. रिस्टोअर करणाऱ्याच्या घरी आधीच सुतक लागलेलं असतं. म्हणून पहिली क्रिया लोक वर्षानुवर्षं करतात, आणि दुसरी आयुष्यात पहिल्यांदा करायची वेळ येते तेव्हा जीव टांगणीला लागलेला असतो.

अशा वेळी प्रसंग साधारण ठरलेला असतो. जुनी हार्डडिस्क गेलेली असते, नवी एसएसडी बसवून झालेली असते, बॅकअपमधलं सगळं नव्या डिस्कवर ओतलेलं असतं आणि हिरवी पट्टी शंभर टक्क्यांना टेकल्यावर 'रिस्टोअर यशस्वी' असं प्रशस्तिपत्रकही मिळालेलं असतं. मग संगणक पुन्हा सुरू केला जातो, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत उमटतं की ऑपरेटिंग सिस्टीम सापडली नाही. पहिला संशय बॅकअपवर जातो, दुसरा नव्या डिस्कवर आणि तिसरा ती विकणाऱ्यावर. माझं म्हणणं असं, की हे तिघेही पुष्कळदा निर्दोष असतात. गोची आपल्या आवडीनिवडीत आहे. आपण जे जिवापाड जपतो त्याचा संगणक सुरू होण्याशी काडीचा संबंध नसतो, आणि संगणक ज्याच्या जोरावर सुरू होतो ते जपावं असं कुणाच्या मनातही येत नाही. लग्नाचा व्हिडिओ तीन ठिकाणी असतो. 'न्यू फोल्डर (२)' नावाच्या फोल्डरात काय काय आहे ते एकदाही न बघता त्याच्या दोन प्रती काढलेल्या असतात. पण यंत्राला सकाळी जाग येते ती ज्याच्यामुळे, त्याची एकही प्रत घरात नसते.

हे जरा आकड्यांत पाहू. १९८३ साली आयबीएमच्या पीसीसाठी डॉसची दोन क्रमांकाची आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर हार्डडिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरला मान मिळाला. हा सेक्टर ५१२ बाइटांचा. त्यातले पहिले ४४६ बाइट म्हणजे सुरुवातीचा इवलासा प्रोग्रॅम, पुढच्या ६४ बाइटांत डिस्कच्या चार विभागांच्या नोंदी, आणि शेवटचे दोन बाइट म्हणजे 'ही डिस्क सुरू होण्यालायक आहे' असा शिक्का. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. तेव्हा ५१२ बाइटांत 'आमचे येथे श्रीकृपेकरून' लिहायला घेतलं तर वधूपित्याचं गाव येईतो जागा संपेल. आता ५१२ जीबीच्या डिस्कवर असे किती सेक्टर असतात? शंभर कोटी. त्यांतल्या नव्व्याण्णव कोटी नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव सेक्टरांची काळजी आपण घेतो, आणि उरलेला एक जुळला नाही की बाकीच्यांना कुणी विचारत नाही. डॉसच्या जमान्यातही याहून वेगळं नव्हतं. दोन लपवलेल्या सिस्टीम फायली आणि कमांडचा दुभाषा फ्लॉपीवर साध्या कॉपीने नेऊन ठेवला तरी ती फ्लॉपी बूट व्हायची नाही. त्यासाठी 'सिस' नावाची वेगळी आज्ञा द्यावी लागायची. म्हणजे वस्तू नेणं वेगळं आणि ती वस्तू कुठे ठेवलीय याची नोंद करणं वेगळं, हे यंत्र चाळीस वर्षांपासून सांगतंय.

आजच्या संगणकांत ५१२ बाइटांची ती कोंडी सुटली आहे. यूईएफआय नावाची नवी व्यवस्था आली आणि सुरुवातीच्या सामानाला स्वतंत्र विभाग मिळाला. विंडोजमध्ये तो सहसा १०० एमबीच्या आसपास असतो. पण तो मिळाला तोही अज्ञातवासातला. त्याला सी, डी असं अक्षर नसतं, 'धिस पीसी' उघडलं तर तो दिसत नाही, त्यात मुलांचा एकही फोटो नसतो. माणूस मोठ्या हुशारीने 'सी ड्राइव्हचा बॅकअप घेतला' असं सांगतो तेव्हा तो खरंच बोलत असतो. हा विभाग सी ड्राइव्हच्या शेजारी राहतो आणि शेजाऱ्याचा बॅकअप घेण्याची पद्धत नाही. त्यातून एक नोंद तर डिस्कवरही नसते. 'विंडोज बूट मॅनेजर अमुक डिस्कवर अमुक ठिकाणी आहे' ही आठवण मदरबोर्डच्या स्मृतीत लिहिलेली असते. डिस्कचा बॅकअप कितीही मनापासून घेतला तरी मदरबोर्डच्या मनातलं त्यात कसं येणार?

यावर जाणकार लगेच म्हणतील की हे सगळं अर्धवट बॅकअप घेणाऱ्यांचं रडगाणं आहे. शहाणा माणूस पूर्ण डिस्कची इमेज घेतो. पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत, दिसणारं, न दिसणारं, सगळं. आक्षेप वजनदार आहे आणि अर्धा खराही आहे, कारण इमेजमध्ये तो लपलेला विभाग येतो. पण विंडोज आपलं घर ओळखते ते नावावरून नव्हे, नंबरावरून. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर त्या ४४६ बाइटांतच चार बाइटांचा ओळख क्रमांक दडलेला असतो. नव्या पद्धतीत प्रत्येक विभागाला लांबलचक क्रमांक असतो. बूटची नोंदवही याच क्रमांकाने विंडोजचा पत्ता सांगते. रिस्टोअर करणाऱ्या प्रोग्रॅमने नव्या डिस्कला नवा क्रमांक दिला की जमीन जागेवर असते, पीक उभं असतं, विहिरीला पाणी असतं, पण सातबाऱ्यावर गट नंबर भलताच. तलाठी काय करणार? यंत्रही तेच करतं. 'आवश्यक ते उपकरण जोडलेलं नाही किंवा सापडत नाही' असं म्हणून एक क्रमांक फेकतं आणि स्वस्थ बसतं. उपकरण त्याच्या पोटातच असतं.

बरं, क्रमांकही हुबेहूब आला तर? मग दुसरी मौज. जुनी डिस्क अजून थोडी धुगधुगी धरून असते, तिच्यावरचं काही राहिलं असेल तर काढता येईल म्हणून माणूस दोन्ही डिस्क एकदम जोडतो. विंडोजला एकाच क्रमांकाच्या दोन डिस्क दिसतात. ती एकीला चालू ठेवते आणि दुसरीला ऑफलाइन करून दाराबाहेर बसवते. माणूस दयाळू असतो. त्याने बाहेर बसलेलीला माउसच्या एका क्लिकने आत घेतलं की विंडोज तिचा क्रमांक मुकाट्याने बदलून टाकते, आणि पुढे ती डिस्क एकटी जोडल्यावर सुरू होत नाही. या प्रकरणात कुणीच वाईट वागलेलं नसतं. सगळे नियमाने वागलेले असतात, आणि नियमाने वागून झालेलं नुकसान भरून काढायला कोणताही नियम नसतो.

पूर्ण इमेजवाल्यांना आणखी एक गोष्ट विचारायला हवी. बायोसमधल्या सेटिंगचं काय? डिस्कशी कोणत्या रीतीने बोलायचं, एएचसीआय की रेड, हा निर्णय तिथे होतो. विंडोज एका रीतीत बसवलेली असेल आणि बोर्डाची सेटिंग दुसरीकडे गेली असेल, तर निळ्या पडद्यावर 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' झळकतं. जुन्या डेस्कटॉपमध्ये ही सेटिंग जिवंत ठेवते ती सीआर-२०३२ नावाची बटणाएवढी बॅटरी. वीस मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, मापं नावातच लिहिलेली. घड्याळवाल्याकडेसुद्धा मिळते. ती संपली की बोर्ड आपल्या जन्मवेळच्या स्वभावावर जातो, तारीख मागच्या एखाद्या वर्षात जाऊन पडते, आणि डिस्कची भाषा बदलते. टेराबाइटांची इमेज या बटणासमोर लाचार असते. याच बायोसने कधीकाळी 'कीबोर्ड सापडला नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा' हा संदेश जगाला दिला, तेव्हा त्याच्याकडून समजूतदारपणाची अपेक्षा मुळातच करू नये.

इथे कुणी भाबडेपणाने विचारेल, की एवढी बुद्धी असलेल्या यंत्राने थोडा अंदाज बांधायला काय हरकत आहे? विंडोजचा फोल्डर समोर दिसतोय, डिस्क एकच आहे, घ्या की सुरू करून! खरं म्हणजे तशी सोय आहे. विंडोजच्या सुटकेच्या वातावरणात 'स्टार्टअप रिपेअर' नावाचा वैद्य बसलेला असतो. तो बराच वेळ नाडी धरतो, 'निदान चालू आहे' असं सांगतो, आणि पुष्कळदा शेवटी कबूल करतो की पीसी दुरुस्त करता आला नाही. तपशिलासाठी तो एका फाइलचा पत्ताही देतो. ती फाइल असते विंडोजच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे जो संगणक सुरू होत नाही तो सुरू केल्यावर आरामात वाचता येईल अशा ठिकाणी. (वाचू नये. वाचून समाधान झालेला माणूस अजून नोंदला गेलेला नाही.)

वैद्याने हात टेकले की उरतो कमांड प्रॉम्प्ट, आणि तिथे जे संवाद होतात ते लिहायला विनोदी लेखकाची गरज नाही. आधी माणूस सी ड्राइव्ह उघडून पाहतो. तो रिकामा किंवा भलताच असतो, आणि छातीत धस्स होतं. झालेलं एवढंच असतं, की या वातावरणात अक्षरांचं वाटप नव्याने होतं आणि रोजचा सी इथे डी असू शकतो. मग ऐकीव मंत्र सुरू होतात. 'बूटरेक फिक्स-एमबीआर' म्हटलं की उत्तर येतं: काम यशस्वीरीत्या पूर्ण झालं. यूईएफआयच्या संगणकात त्या कामाचा काही उपयोग नसतो, पण ते यशस्वी मात्र होतं. मग 'फिक्स-बूट'. उत्तर: प्रवेश नाकारला. स्वतःच्या मालकीच्या संगणकात, स्वतःच्या बोटाने, स्वतःच्या डिस्कच्या दुरुस्तीसाठी गेलेल्या माणसाला प्रवेश नाकारला. मग 'रिबिल्ड-बीसीडी'. ते सगळी डिस्क धुंडाळतं आणि सांगतं: सापडलेल्या विंडोजची एकूण संख्या शून्य, काम यशस्वीरीत्या पूर्ण झालं. सरकारी समित्यांचे अहवाल वाचलेल्यांना ही शैली ओळखीची वाटेल.

खरा उतारा आहे, आणि तो माझ्या म्हणण्याला पुरावा म्हणून फार उपयोगी आहे. 'डिस्कपार्ट'मध्ये जाऊन त्या अज्ञातवासातल्या विभागाला तात्पुरतं एक अक्षर द्यायचं, आणि मग 'बीसीडीबूट' नावाच्या आज्ञेला विंडोजचा फोल्डर आणि ते अक्षर दाखवायचं. ती आज्ञा विंडोजच्याच पोटातून सुरुवातीच्या फायली काढून त्या विभागात ठेवते आणि नोंदवही नव्याने लिहिते. चारदोन सेकंदांचं काम. म्हणजे दोन दिवस मोडलेला संगणक मोडलेला नव्हताच. त्याला स्वतःच्या घराचा पत्ता कुणीतरी पुन्हा लिहून द्यायचा होता. फक्त डिस्कपार्टमध्ये शिरलेल्याने एक शब्द हात आखडून टाइप करावा. 'क्लीन' असा तो शब्द आहे, आणि निवडलेली डिस्क तो एका दमात कोरी करतो. खातरी करून घ्यायला काही विचारत नाही. रिसायकल बिनमधली एक फाइल पुसताना 'नक्की ना?' असं विचारणारी हीच विंडोज, संसार पुसताना मात्र एका शब्दावर विश्वास ठेवते. डिस्क शून्य आणि डिस्क एक यांतली कोणती बॅकअपची आणि कोणती नवी, हे त्या क्षणी आकार पाहून ठरवायचं असतं. दोन्ही ५१२ जीबीच्या असतील तर कुलदैवत.

कमांड प्रॉम्प्टपर्यंत न पोचणाऱ्या बहुसंख्य जनतेकडे एकच उपाय आहे: बंद करून परत चालू करणे. सुशिक्षित लोक याला हसतात. हसू नये, कारण या उपायाला अलीकडे मोठ्या घरचा पाठिंबा मिळाला आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावत फाइलमुळे जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले आणि पुन्हा पुन्हा निळेच पडत राहिले. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले; त्यांचा एक फायदा असा, की ते बूट करावे लागत नाहीत. त्या दिवशी आपल्या क्लाउडमधल्या संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टने जो सल्ला दिला त्यात संगणक पुन्हा पुन्हा सुरू करून पाहा, काहींना पंधरा वेळापर्यंत करावं लागलं, असं म्हटलं होतं. आता हा पुरावा माझ्या विरुद्ध जातो असं वाटेल. तसं नाही. तिथे प्रत्येक खेपेला संगणक कोसळण्याआधी नेटवर्कवरून सुधारलेली फाइल मिळण्याची एक संधी होती. दोन खेपांमध्ये जगात काहीतरी बदलत होतं. रिस्टोअर केलेल्या डिस्कवर सोळाव्या खेपेलाही तोच चुकीचा पत्ता असतो. तरी एक गोष्ट रीस्टार्टवाल्यांच्या बाजूने मान्य करायला हवी: विंडोज लागोपाठ दोनदा सुरू होता होता राहिली की स्वतःहून सुटकेचं वातावरण उघडते. पण विंडोजचा पत्ताच जिथे सापडत नाही, तिथे दोनदा ठेच लागायलाही कुणी पोचत नाही.

उरला दुरुस्तीवाला. त्याच्याकडे यंत्र नेलं की तो झाकण उघडण्यापूर्वीच निकाल देतो: 'नवीन विंडोज मारावी लागेल.' पाठोपाठ विचारतो, 'डेटा पाहिजे का?' या प्रश्नाचा लोकांना राग येतो. माझ्या मते या सगळ्या कहाणीत नेमकं बोलणारा तो एकटाच असतो. नवी विंडोज बसवताना तो लपलेला विभाग नव्याने तयार होतो, नोंदवही नव्याने लिहिली जाते, मदरबोर्डची आठवण ताजी होते, आणि तिन्ही गोष्टी एकमेकांशी जुळलेल्या असतात. तुम्ही जे जपलं नव्हतं ते तो तासाभरात करून देतो आणि जे जपलं होतं ते हवं का, असं विचारतो. कामाची याहून स्वच्छ विभागणी कुठल्याही पुस्तकात नाही. गणित फसतं ते पुढे, आणि तेही माझ्याच मुद्द्याने. महाराष्ट्रातल्या छापखान्यांतून लग्नपत्रिका, श्रद्धांजलीचे फलक आणि ग्रामपंचायतीच्या नोटिसा वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळवल्या गेल्या. त्या फायली बॅकअपमधून सुखरूप येतात आणि उघडल्यावर रोमन अक्षरं, टिंबं आणि कंस यांचा चिवडा दिसतो, कारण फॉन्ट राहत होते विंडोजच्या फोल्डरात आणि त्यांच्या प्रोग्रॅमचं कुलूप होतं डोंगल नावाच्या खुंटीत. पाच हजार पत्रिकांचा बॅकअप असतो. श्रीगणेश प्रसन्न म्हणायची सोय नसते.

लिनक्सवाले हा लेख इथवर वाचत असतील तर त्यांच्या चेहऱ्यावर एक मंद समाधान असेल. त्यांनी 'ग्रब रेस्क्यू' हे दोन शब्द आठवावेत. त्यांची प्रणालीसुद्धा विभागांना लांबलचक क्रमांकांनीच ओळखते, आणि तो बदलला की त्यांनाही काळाच पडदा मिळतो. फक्त दोष आपला आहे हे ते आनंदाने मान्य करतात. मॅकवाल्यांची गोष्ट निराळी. ॲपलच्या स्वतःच्या चिपांवर चालणारे मॅक, आतली डिस्क मेली तर बाहेर जोडलेल्या डिस्कवरूनही सुरू होत नाहीत, कारण सुरुवातीचं सामान आतच असतं. त्यांना काळजी करण्याची गरजच ठेवलेली नाही.

आता सगळ्यात गंभीर आक्षेप. हे चाळे घरगुती आणि किरकोळ कचेऱ्यांतले आहेत, जिथे तज्ज्ञ बसतात तिथे असं होत नाही, असं कुणी म्हणेल. तर ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत काय झालं ते पाहू. जगभरच्या प्रोग्रॅमरांचं काम सांभाळणं हाच जिचा धंदा, तिच्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचा फोल्डर पुसला. सुमारे ३०० जीबींपैकी थांबेपर्यंत साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या आणि प्रतिकृतीच्या पाच रीती तिथे होत्या. कंपनीने स्वतः जाहीर केलं की पाचांपैकी एकही नीट चालत नव्हती. रोजचा बॅकअप प्रोग्रॅमच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे अयशस्वी होत होता, आणि तसं कळवणाऱ्या ईमेल पोचण्याआधीच नाकारल्या जात होत्या. कंपनी शेवटी वाचली ती सहा तासांपूर्वीच्या एका प्रतीमुळे, जी त्याच अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी काढून ठेवली होती. १९९८ साली पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी २' चा बहुतेक भाग असाच एका आज्ञेने पुसला गेला. बॅकअप होता, पण तो चालत नव्हता. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शिकेच्या घरच्या संगणकामुळे. बाळ लहान असल्यामुळे त्या घरून काम करत आणि कामापुरती प्रत घरी नेलेली होती. तो संगणक ब्लँकेटांत गुंडाळून गाडीतून स्टुडिओत आणला गेला. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे, जिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. वाचवणारी प्रत बॅकअप म्हणून ठेवलेलीच नव्हती. ती रोजच्या वापरात होती किंवा वापरासाठी नुकतीच काढली होती, म्हणून ती उघडत होती. बॅकअप म्हणून आदराने ठेवलेलं सगळं आदरणीयच राहिलं.

यावर शहाण्यांचा उपाय तयार असतो: दर महिन्याला रिस्टोअर करून पाहा. उपाय बिनतोड आहे. मात्र तो करायला तशीच दुसरी डिस्क लागते, शक्यतो तसाच दुसरा संगणक, एक मोकळा रविवार आणि घरातल्यांचा पाठिंबा. एवढं सगळं ज्याच्याकडे आहे त्याच्या आयुष्यात बिघडण्यासारखं मुळात काही नसावं. शिवाय चाचणीसाठी एकुलत्या एका चालू संगणकावरच रिस्टोअर करणारे साहसी लोकही असतात. त्यांचा निकाल लवकर लागतो.

आणि क्लाउड? फायली ढगात, यंत्र गेलं तर नवं घ्या, साइन-इन करा, संपलं. हे बऱ्याच अंशी खरं आहे, पण जपण्याची जागा बदलली तरी आपली सवय बदललेली नाही. आता नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन-इन केलं की डिस्कला बरेचदा आपोआप बिटलॉकर नावाचं कुलूप लागतं. लागलं हे मालकाच्या गावीही नसतं. मग बोर्ड बदलला, डिस्क तशीच उचलून दुसऱ्या यंत्रात लावली किंवा बायोसमध्ये बोट घातलं, की निळ्या पडद्यावर बिटलॉकर ४८ आकडी किल्ली मागतं. ती असते खात्यात. खात्याचा पासवर्ड असतो ब्राउझरच्या स्मरणात. ब्राउझर असतो कुलपाच्या आत. ज्यांनी जाणूनबुजून कुलूप लावलं ते अधिक सावध असतात. किल्ली कुठे ठेवायची असं बिटलॉकर त्यांना विचारतं, आणि जिला कुलूप लावायचं त्याच डिस्कवर ठेवायचं म्हटलं तर ठाम नकार देतं. सॉफ्टवेअरने माणसाला स्वतःपासून वाचवण्याचा इतका प्रामाणिक प्रयत्न दुसरीकडे क्वचितच दिसेल. मग माणूस 'छापा' हा पर्याय निवडतो. प्रिंटर जोडलेला नसतो, म्हणून यादीतला 'प्रिंट टू पीडीएफ' निवडतो, आणि ती पीडीएफ डॉक्युमेंट्समध्ये 'महत्त्वाचे' नावाच्या फोल्डरात ठेवतो. बिटलॉकरला हे छापणं वाटतं, त्यामुळे ते अडवत नाही. त्या रात्रीच्या बॅकअपमध्ये ती फाइल बिनचूक जाते.